कणगीतला माणूस

लिहेला, ४ जून २००६

बाई, शिकामो.

तुम्ही उत्तरादाखल मराहाबा म्हणाल की नाही, देव जाणे. मोठ्या माणसाने उत्तर दिलं नाही तर धाकट्याचा शिकामो हवेत लोंबकळत राहतो, आणि माझा १९८२ सालापासून लोंबकळतो आहे. भाचा म्हणतो, मामा, आता मोबाइल आहे, फोन करा. मी म्हटलं, फोनवर खोटं बोलायला सोपं जातं, कागदावर हात जड होतो. शिवाय माझं अक्षर अजून चांगलं आहे, ते कशाला वाया घालवू?

मी दिट्राम सोको. १९७४ साली तुमचा टेपरेकॉर्डर डोक्यावर घेऊन अकरा गावं हिंडलेला मास्तर. आता रिटायर झालोय. चार मधपेट्या आहेत, एक बायको आहे, आणि चौघींपेक्षा तीच जास्त डसते. तुम्ही बुकोबाला घरी परत गेलात, गुडघ्यांनी संप केलाय आणि केळीच्या बागेत खुर्ची टाकून बसता, असं डारच्या विद्यापीठातून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. तुम्ही आणि खुर्ची! आमच्याकडे म्हातारा जमिनीवर बसला असेल तर तुम्ही कधी स्टूलसुद्धा घेतलं नाहीत.

कामाचं सांगतो. जर्मनांविरुद्धच्या लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून गावाने वर्गणी काढून दगड आणलाय. माणसाएवढा उंच आहे. गोळी लागू नये म्हणून मंतरलेलं पाणी अंगावर घेऊन लिहेलाहून जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर कोरायची. पंधरा ऑक्टोबरला पडदा उघडायचा. कोणाची नावं? तर कमिटीचा चेअरमन गाउडेन्स म्हणतो, "पुस्तकात आहेत ती." पुस्तक म्हणजे तुमचं. शाळेच्या कपाटात एकच प्रत आहे, तीही बिनकव्हराची.

बाई, त्या प्रतीत एकशे त्रेचाळिसावं पान बोटं लावून लावून काळं पडलंय. तुम्हाला ते पाठ असेल, पण तरी लिहितो. "लिहेलाचा सरदार लिटुका पोनेरा बंदुकांचा आवाज ऐकताच नाचणीच्या कणगीत शिरला. बायकोने वरून झाकण घातलं. तीन दिवस तो कच्ची नाचणी खात बसला आणि मग कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही." आणि खाली तुम्ही लिहिलंय की जे गाव आपली भीतीही लपवत नाही, त्या गावाचं मला कौतुक वाटतं. गावाला ते कौतुक पचलं नाही, एवढंच.

सतरा नावं निघाली, लिटुकाचं नाही. त्याची नात वेरेना आता शहात्तर वर्षांची आहे. ती कमिटीसमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या आजोबाला कोणी पुरलं नाही. कबर नाही. हा दगड तरी द्या." गाउडेन्स म्हणाला, "आजी, छापलेलं खोडता येत नाही." ती घरी गेली. तेव्हापासून तिने बाजारात घेवडा विकायला बसणंही सोडलंय, कारण पोरं मागून ओरडतात: कणगी! कणगी!

गावाने तुम्हाला १९८२ साली कळवलं होतंच की ती नुसती थट्टा होती. ते तक्रारपत्र गावाचं होतं, अक्षर तेवढं माझं. झालं गेलं सोडा. तुम्ही कमिटीला दोन ओळी लिहा की पान एकशे त्रेचाळीस चुकीचं आहे. तुमच्या दोन ओळींनी एका म्हातारीची मान वर होईल.

परवा ओबादिया मगाया भेटला, सायकली दुरुस्त करतो तो. तुम्हाला त्याचा आजोबा आठवत असेल. ते बेना जमातीचे, आम्ही न्गोनी. आज्या-पणज्यांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं, मग तह झाला आणि भाल्यांच्या जागी शिव्या आल्या, मयतीतसुद्धा हक्काने द्यायच्या. गेल्या वर्षी माझी आई वारली तेव्हा हा पठ्ठ्या तिच्या कबरीत उतरून आडवाच झाला. "म्हातारीने मला जन्मभर फुकट चहा पाजला नाही, आता ही जागा तरी माझी!" थट्टेकऱ्याच्या मानाची कोंबडी हातात पडल्यावर बाहेर आला आणि माती लोटताना सगळ्यांत जास्त तोच रडला. त्याने तुम्हाला निरोप दिलाय: "त्या बाईला सांग, मास्तर अजून जिवंत आहे, मधमाश्यांनाही नकोसा झालाय."

तुमचा,
दिट्राम

लिहेला, ९ जुलै २००६

बाई, शिकामो.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळींचं, आणि त्यांत मराहाबा नाही. "कोण म्हणालं? कुठे बसून म्हणालं? ऐकायला कोण होतं? टेप असेल तर पाठव."

खरं सांगतो, मला राग आला. मी एका म्हातारीसाठी पदर पसरला आणि तुम्ही माझी तोंडी परीक्षा घेता! कार्ड खिशात घालून मी दोन दिवस गुरगुरत हिंडलो. मग मला तो पक्षाचा साहेब आठवला. १९७४चा, इस्त्रीचा सदरा घातलेला. तो तुम्हाला म्हणाला होता, "डॉक्टर, लिहा की या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस एकदिलाने लढला. देशाला त्याची गरज आहे." आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "साहेब, ते तुमच्या भाषणात घाला. माझ्या वहीत जो बोलला त्याचं नाव असतं." त्यानंतर आपल्याला जीप मिळाली नाही. एकोणीस मैल चालत गेलो आणि तुम्ही वाटेत गाणी म्हणत होतात. तुमचा सूर वाईट आहे, बाई, पण मी तेव्हा मनाशी म्हटलं की माणूस असावा तर असा.

साहेबाने सांगितलं म्हणून जी बाई वीर वाढवत नाही, ती मास्तराने सांगितलं म्हणून भित्रा कसा कमी करेल? मला कळायला हवं होतं.

कार्ड वेरेनाला वाचून दाखवलं. वाटलं, आता ही तुम्हाला शिव्या देणार. पण ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. माझ्या रडण्यावरून तिने का लिहावं? ती इथे आली तेव्हा आधी अर्धा दिवस माझ्या आईच्या शेतात कुदळ मारली, मग तोंड उघडलं. आणि पहिलं काय विचारलं असेल? लढाईचं नाही. विचारलं, जर्मनांनी कोठारं जाळली त्या वर्षी तुम्ही काय खाल्लंत? आई सांगायची, असं आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. रानातला कोणता कंद कडू, कोणता गोड, कोणता किती वेळ उकळायचा, सगळं बसून लिहून घेतलं तिने."

जर्मनांच्या कागदांत आम्ही पाण्यावर भाळलेली अडाणी माणसं होतो. त्या पाण्याने वीस टोळ्यांना पहिल्यांदा एकत्र आणलं, हे तुम्ही आमच्याच तोंडून काढलंत आणि आम्हालाच ऐकवलंत. माझा बाप बाजूला बसून ते ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही मूर्ख नव्हतो." सत्तर वर्षं तो ती शरम घेऊन जगला होता. हे सगळं मी विसरलेलो नाही.

टेपचं तर मी तुम्हाला १९८२ सालीच कळवलं होतं. तिच्यावर नंतर चर्चच्या मंडळींनी गाणी भरली. टेपा मिळत नव्हत्या तेव्हा. तेव्हा ती वाट बंद आहे.

दुसरा काही मार्ग असेल तर सांगा. पाथरवट सप्टेंबरमध्ये छिन्नी हातात घेणार आहे.

दिट्राम

लिहेला, ३० जुलै २००६

बाई,

मागचं पत्र चुलीत घाला. टेपवर गाणी नाहीत. कधीच नव्हती.

टेप माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, बाप्तिस्म्याच्या दाखल्याखाली, एका मोज्यात गुंडाळलेली. बत्तीस वर्षं तिथेच आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण मी मात्र ते बराच काळ थांबवलं.

आता सगळं क्रमाने सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

वेरेनाचा बाप, म्हणजे लिटुकाचा मुलगा झावेरी वारला, त्या दिवशी तुम्ही मिशनच्या दवाखान्यात तापाने फणफणत होता. मला म्हणालात, "दिट्राम, म्हातारे जमतील. मशीन चालू ठेव आणि तू गप्प बस." मी गेलो. स्टुलावर मशीन ठेवलं. तेवढ्यात ओबादियाचा आजोबा, तो म्हातारा मगाया, काठी टाकून कबरीत उतरला आणि हातपाय ताणून झोपला.

"सरका रे! झावेरीला कबर कशाला? यांच्या घराण्याला कणगी पुरते! याचा बाप लिटुका, केवढा सरदार, डोक्यावर पिसं ही एवढी! बंदूक वाजली, ढुम्! पिसं बाहेर, सरदार कणगीत! बायको वरून विचारते, अहो, जेवायला येताय ना? आतून आवाज, नको गं, झाकण घाल, इथे तीन दिवसांची नाचणी आहे!"

बाई, रडणाऱ्या बायका पोट धरून हसायला लागल्या. झावेरीची विधवा पदराने डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, दाढी पिकली तरी जिभेला हाड नाही तुझ्या! ही घे कोंबडी आणि तोंड मीट." मी मशीन तसंच चालू ठेवलं आणि जेवायला उठलो. मक्याच्या पिठाची उगाली होती, घेवडा होता, बांबूची ताजी दारू होती. चोवीस वर्षांचा होतो.

आठवड्याने तुमच्यासाठी टाइप करायला बसलो आणि मला लाज वाटली. मी मिशनच्या शाळेत शिकलेला. मेलेल्याच्या कबरीत लोळून शिव्या देणारी आपली माणसं एवढ्या शिकलेल्या बाईंना कशी दाखवायची? म्हणून मी हसणं काढलं. कबर काढली. कोंबडी काढली. मगाया बेना आहे, थट्टेचा हक्कदार आहे, हेही काढलं. पोरांचे निबंध तपासतो तसे मी म्हाताऱ्याचे शब्द तपासले आणि लाल शाईने सुधारले. उरलं ते असं: "मगाया, वय सुमारे ऐंशी, राहणार लिहेला, सांगतो की लिटुका पोनेरा कणगीत लपला, बायकोने झाकण घातलं, तीन दिवस तो नाचणीवर राहिला." कोंबडीपर्यंत ऐकलं आणि मशीन बंद केलं. पुढची टेप मी आजवर ऐकलेली नाही. कागदाच्या तळाशी लिहिलं: "यापुढे रडणं आणि थट्टा. उपयोगाचं नाही."

तुम्ही त्या कागदावर विश्वास ठेवलात, कारण तो मी टाइप केला होता.

आणि १९८२. वेरेनाचा मुलगा बोर्डिंगमधून पुस्तक घेऊन आला, गाव पेटलं, आणि सगळे माझ्याकडे आले की मास्तर, तुम्ही लिहा. मी लिहिलं. अक्षर माझं होतं आणि शब्दही माझेच होते. "परक्या मुलखातल्या बाईला आमची थट्टा काय कळणार," हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा चांगलं जमवलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तुम्ही उत्तरात फक्त टेप मागितलीत, मी गाण्यांची थाप मारली, आणि तुम्ही पुढच्या आवृत्तीत "गावाला हे मान्य नाही" एवढी टीप घालून गप्प बसलात. पुन्हा लिहेलाला आला नाहीत. ज्या गावातल्या कंदांची नावं तुम्हाला पाठ होती, त्या गावात तुमचं येणं मी बंद केलं.

मला शरम वाटते, बाई. आणखी काय लिहू? नोकरी जाईल ही भीती होती हे खरं, पण ते निम्मंच. उरलेली निम्मी भीती वेगळी होती. ज्या माणसाला मी सगळ्यांत जास्त मानत होतो, त्याच्यासमोर मी मूर्ख ठरणार होतो.

वेरेनाला अजून सांगितलेलं नाही. टेप पाठवत नाही, वाटेत हरवली तर? तुम्ही सांगाल ते करीन.

दिट्राम

लिहेला, २७ ऑगस्ट २००६

बाई, शिकामो.

तुमच्या पत्राचा पहिलाच शब्द मराहाबा. मी तो वाचला आणि टपाल हापिसाच्या पायरीवरच बसलो. पोस्टमास्तरला वाटलं, कोणीतरी गेलं.

तुम्ही मला शिव्या द्याल म्हणून मी तयारी केली होती. त्याऐवजी तुम्ही लिहिलंत, "तळाची ओळ मी वाचली होती. रडणं आणि थट्टा उपयोगाची नाही, असं कोणी लिहिलं तर मशीनपाशी जाऊन बसायचं, हे मी स्वतः पोरांना शिकवते. त्या दिवशी मला घाई होती. तेव्हा निम्मी चूक माझी." आणि खाली अकरा प्रश्न! शिवी एकही नाही, प्रश्न अकरा. पहिला प्रश्न: आधी कोण हसलं?

तर उत्तरं देतो. फादरकडून टेपरेकॉर्डर आणला, त्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं. वेरेनाला आणि ओबादियाला दुपारी बोलावलं. टेप ट्रंकेत सापडली म्हणालो. सापडली हे खरंच, हरवली नव्हती एवढं सांगितलं नाही. ते राहिलंय, ठाऊक आहे मला.

आधी हसली ती झावेरीची विधवा. दुसरं हसणं माझं. बाई, मीच तो, चांगला मोठ्याने, खो खो. स्वतःचं हसणं मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

वेरेना आईचा आवाज ऐकून रडली. तिच्या बापाला पुरलं तेव्हा ती दूर टांगा शहराकडच्या मळ्यावर होती, नवऱ्याबरोबर. बसने पोचली तेव्हा तिसरा दिवस होता. त्यामुळे हे काही तिने ऐकलेलंच नव्हतं. कणगीचा विनोद आला तेव्हा मी मान खाली घातली, तर ओबादिया म्हणतो, "मग? आमचा म्हातारा थट्टा करणारच. खऱ्या पळपुट्याच्या दारात आम्ही गप्प बसतो. थट्टा करायलाही माणूस त्या तोलाचा लागतो."

मग कोंबडीची फडफड ऐकू आली. इथे मी बत्तीस वर्षांपूर्वी बटण दाबलं होतं. या वेळी दाबलं नाही.

थोडा वेळ नुसती कुदळ ऐकू येते. मग मगायाचा आवाज, पण तोच माणूस वाटत नाही. त्याचे शब्द तसेच्या तसे लिहितो:

"तोंड बंद केलंस ना वहिनी? आता खरं ऐका. थट्टेकऱ्याने खरं एकदाच सांगायचं असतं, माती देताना, आणि ऐकणाऱ्याने ते कबरीपाशीच ठेवायचं असतं. लिटुका उभा राहिला तो लुहिरा ओढ्याच्या उताराला. एकटा. बायकापोरं पलीकडे पोचेपर्यंत. पाण्याने गोळी थांबत नाही हे त्याला तोवर कळलं होतं, त्याची दोन माणसं त्याच्या पुढ्यात पडली होती. तरी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या बापाने त्याला शोधला आणि उंबराखाली पुरला, डोकं गावाकडे करून. मग जर्मनांचे अस्करी शिपाई आले. सरदाराचं घर कुठलं म्हणे, जाळायचंय. माझा बाप हसायला लागला. कोण सरदार? तो लिटुका? अहो, तो तर बंदूक ऐकून कणगीत शिरला, तीन दिवस नाचणी खाल्ली आणि पळाला! अस्करी हसले. असल्या माणसाचं घर काय जाळायचं, म्हणून गेले पुढे. आणि कणगीत होता हा झावेरी. चार वर्षांचा. झाकणाखाली. माझ्या बापाची थट्टा संपेपर्यंत हा आत खोकला नाही. नीज आता बाळा. इथे झाकण नाही."

यानंतर बायकांचा आकांत आहे, तो टेप संपेपर्यंत. त्या कबरीशी उभे होते ते म्हातारे-म्हाताऱ्या केव्हाच गेले.

वेरेनाने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा दार कधीच लावायचे नाहीत. थंडीतसुद्धा. आई भांडायची. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लुहिराला गेलो. उंबर आहे, बाई. म्हातारा झालाय, आतून पोकळ आहे, पण आहे. तुमचे सातवा ते अकरावा प्रश्न तिथल्या मापांचे होते, ती वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. एवढ्या लांबून, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेल्या बाईला उंबरापासून ओढ्याची पावलं मोजून हवी आहेत! मी दोनदा मोजली. बासष्ट.

गाउडेन्सने टेप ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाला, "पण पुस्तक बाईंचं आहे, त्यांचं पत्र हवं." छापलेल्याचा भक्त आहे तो. तेव्हा पत्र पाठवा, आणि लवकर.

तुमचा,
दिट्राम

लिहेला, १७ ऑक्टोबर २००६

बाई, शिकामो.

परवा दगडावरचा पडदा निघाला. तुमचं पत्र वेळेत पोचलं होतं. गाउडेन्स म्हणाला, मास्तर, तुमचं वाचन चांगलं, तुम्हीच वाचा.

मी वाचलं. तुम्ही लिहिलं होतंत: "पान एकशे त्रेचाळीसवरची चूक माझी आहे. मी थट्टा ऐकली नाही आणि एका शूर माणसाला भित्रा लिहिलं. लिटुका पोनेराच्या नातीची मी माफी मागते. दगडावर आणखी एक नाव घाला, मगायाच्या बापाचं, सेन्येलाचं. त्याच्याकडे बंदूक नव्हती, त्याने एक विनोद केला आणि साम्राज्याचे सैनिक त्या घरावरून निघून गेले. असा लढा मी कुठल्याच कागदात पाहिला नव्हता. मी तीस वर्षं ज्याच्या शोधात हिंडले ते माझ्याच एका टेपवर होतं." आणि शेवटी सही. माझं नाव कुठेच नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी तुमच्यासाठी आरोळ्या दिल्या. गाउडेन्सने गाणाऱ्यांना खूणही केली. मी कागदाची घडी घातली. बसलो असतो तरी चाललं असतं, बाई. तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतंत.

पण समोर पहिल्या बाकावर वेरेना होती, आणि तिने माझ्याकडे बघून मान हलवली. छान वाचलंस, असं. ते मला सोसलं नाही. मी म्हणालो, "थांबा. आणखी आहे. हे बाईंच्या पत्रात नाही." आणि सांगितलं. लाल शाई, कोंबडी, तळाची ओळ, मोजा, गाण्यांची थाप, तक्रारपत्र, सगळं. किती वेळ बोललो ते कळलं नाही. संपलं तेव्हा कोणी खोकतही नव्हतं. माझ्या शाळेत शिकलेले बाप आणि त्यांची पोरं, सगळे माझ्याकडे पाहत होते. मनात आलं, आता हे गप्पच राहिले तर? पळपुट्याच्या दारात गप्प बसतात, असं ओबादिया म्हणाला होता.

तेवढ्यात मागून तोच उठला. टायरच्या चपला फटक फटक वाजवत पुढे आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि ओरडला:

"अरे, लिटुका तीन दिवस कणगीत होता म्हणे! आपला मास्तर बत्तीस वर्षं आत बसलाय! नाचणी संपली म्हणून बाहेर आलास होय रे? बघा, बघा, दाढीत कोंडा आहे अजून!"

तुमचा पहिला प्रश्न होता, आधी कोण हसलं. लिहून घ्या, बाई. आधी वेरेना हसली. तिला एकच दात उरलाय, तो दिसला. मग सगळं मैदान हसलं, गाउडेन्स हसला, पाथरवट हसला, माझी बायको तर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आणि मी रडत होतो, लहान पोरासारखा, सगळ्यांसमोर.

वेरेना म्हणाली, "मास्तर, बघता काय, कोंबडी काढा." मी माझी अंडी देणारी कोंबडी दिली. ओबादियाने ती काखेत मारली आणि म्हणाला, "फार बारीक आहे. मालकाला बत्तीस वर्षं शरम खात होती, तर कोंबडीला काय मिळणार!"

दगडावर एकोणीस नावं आहेत. अठरावं लिटुका पोनेरा, एकोणिसावं सेन्येला मगाया. या एकोणिसाव्यावर ओबादिया आधी अडून बसला होता, "आमचं नाव तुमच्यात कोरलं तर मग तुम्हाला शिव्या कोण देणार?" दुसऱ्या दिवशी उंबराखाली माती दिली. वेरेनाने नाचणी पेरली तिथे, मूठभर.

तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. तसं नाही. संध्याकाळी मी वेरेनाकडे गेलो, तर ती घेवडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा मुलगा त्या बोर्डिंगमध्ये परत गेला नाही, ठाऊक आहे ना? त्याला तिथे कणगी म्हणायचे. राग आहे माझा. राहू दे थोडे दिवस. पण बाहेर उभा राहू नकोस, आत ये, दार उघडंच आहे." मी आत गेलो. तिने घेवडा माझ्यापुढे सरकवला आणि मी निवडत बसलो. आज सकाळी ती बाजारात होती.

तुम्ही एकदा या. गुडघ्यांचं निमित्त सांगू नका. ओबादिया म्हणतो, सायकलीला खुर्ची बांधून आणीन, आणि बाईंच्या कानांत तेलही घालीन, म्हणजे पुढच्या वेळी हसणं ऐकू येईल. तुमच्यावरही त्याने जीभ सोडली म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सोबत नवा टाइप केलेला मजकूर आहे. सव्वीस पानं. कबरीपासून शेवटच्या आकांतापर्यंत सगळं. शिव्या जशाच्या तशा आहेत, कुदळीचे घाव मोजले आहेत, कोंबडी दोनदा ओरडते ते दोन्ही वेळा घातलंय, आणि जिथे जिथे हसणं आहे तिथे कोण हसलं ते ओळखून नाव लिहिलं आहे. माझं सात वेळा आहे.

जुन्या कागदाच्या तळाशी होती तशी एक ओळ याच्याही तळाशी आहे. ती एवढीच:

"ऐकणारा दिट्राम सोको. या वेळी जेवायला उठला नाही."